खांडवाडीची पन्नास मिनिटं

१९७६ सालच्या जानेवारीत निवृत्ती वाघोले लोणावळ्याच्या 'ढोरे आणि मंडळी' या कचेरीत नोकरीला लागला. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता आणि त्याला सगळ्याच गोष्टींची घाई होती. दारुंब्र्याच्या शेतकरी घरातला मुलगा, गणितात एम.एस्सी. झालेला, वर पुण्यात राहून कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायला शिकलेला. हे काम येणारी माणसं तेव्हा इतकी थोडी होती की आपण काय करतो हे तो घरी नीट सांगूही शकत नसे. आई शेजारणीला सांगायची, "मशीनला हिशेब शिकवतो."

कचेरी वलवणच्या रस्त्याला एका जुन्या बंगल्यात होती. मालक भिमाजी ढोरे स्वतः इंजिनियर. भोरज नदीवर नुकतंच धरण झालं होतं. पावसाळ्यात त्याचे दरवाजे उघडले की खालच्या एकोणीस गावांना पाणी किती वेळात पोचेल आणि किती फूट चढेल, याचं कोष्टक तयार करायचं काम ढोरेसाहेबांना मिळालं होतं. हातानं करायला दोन वर्षं लागली असती. कॉम्प्युटरवर पाच महिन्यांत करतो, असं साहेबांनी कबूल केलं आणि एक जूनला पुस्तक तयार असेल असं सांगून एका बड्या पाहुण्यांना प्रकाशनाचं आमंत्रणही धाडलं.

प्रोग्रॅमचं काम वेणूताई काकडे यांच्याकडे होतं. वय अडतीस. पूर्वी तळेगावच्या शाळेत गणित शिकवायच्या, नवरा वारल्यावर पुन्हा कॉलेजात जाऊन बसल्या, तिथून या धंद्यात आल्या. रोज तळेगावहून गाडीनं यायच्या, डब्यात न चुकता ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी. निवृत्तीला त्या पहिल्या दिवशी जरा मंदच वाटल्या. कुठलंही उत्तर द्यायच्या आधी त्या खिडकीबाहेर बघत.

निवृत्तीनं आल्या आल्या भिंतीवर कॅलेंडर लावलं आणि एक जूनवर लाल पेन्सिलीनं मोठा गोल काढला.

"ही तारीख कुणी दिली?" वेणूताईंनी विचारलं.

"ढोरेसाहेबांनी."

"साहेबांना कुणी दिली?"

"पाहुण्यांना त्या दिवशी सवड आहे म्हणे."

वेणूताईंनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाल्या, "धरण भरायला जुलैचा शेवट उजाडेल. त्याआधी दरवाजे उघडणार नाहीत. पण गावांना कोष्टक समजावून सांगायला, लोकांना ते अंगवळणी पडायला महिना तरी हवा." आणि त्यांनी पंधरा जूनवर पेन्सिलीनं एक बारीक रेघ मारली. "पाहुण्यांची तारीख चुकली तर साहेबांना वाईट वाटेल. ही चुकली तर माणसं पाण्यात उभी राहतील. तू दोन्ही लक्षात ठेव, पण सारख्या मापानं नको."

निवृत्तीला ते पटलं नाही. त्याच्या लेखी तारीख म्हणजे तारीख. ती गाठणारा हुशार आणि न गाठणारा आळशी.

काम करायची पद्धत अशी होती. प्रोग्रॅमची एकेक ओळ जाड कागदाच्या एकेका कार्डावर भोकं पाडून उतरवायची. भोकं पाडायचं मशीन कचेरीत होतं, पण कॉम्प्युटर पुण्यातल्या एका कारखान्याचा. तो दर गुरुवारी दुपारी एक तास भाड्यानं मिळायचा. गुरुवारी कार्डांची पेटी घेऊन एसटीनं पुण्याला जायचं, मशीनला कार्डं खाऊ घालायची आणि कागदावर छापून येईल ते घेऊन परतायचं. एका कार्डावर एक भोक चुकलं तरी सगळं अडायचं. म्हणजे आठवडा गेला.

वेणूताईंचा एक नियम होता. संध्याकाळी सहानंतर एकही कार्ड पाडायचं नाही. "थकलेल्या हाताची चूक शोधायला दोन दिवस जातात. त्यापेक्षा घरी जा, जेव, झोप," असं त्या म्हणत आणि सहाची गाडी पकडत. निवृत्तीला राग यायचा. एप्रिलमध्ये एका बुधवारी त्या गेल्यावर तो मागं राहिला आणि पुढच्या चार गावांची कार्डं एकट्यानं पाडून पेटीत घालून ठेवली. ताईंना उद्या सुखद धक्का देऊ, असं त्याच्या मनात होतं.

गुरुवारी मशीननं अर्ध्या मिनिटात काम थांबवलं. एका कार्डावर अधिकच्या जागी वजा पडलं होतं. ते शोधण्यात तास संपला.

दुसऱ्या दिवशी ढोरेसाहेबांनी दोघांना समोर उभं केलं. "आठवडा वाया! कुणाची कार्डं होती?"

निवृत्तीनं तोंड उघडायच्या आत वेणूताई म्हणाल्या, "माझी. पेटी मी न तपासता नेली."

बाहेर आल्यावर निवृत्ती कसाबसा म्हणाला, "ताई, तुम्ही का..."

"पेटी न्यायच्या आधी तपासायचं काम माझं आहे आणि मी ते केलं नाही. खोटं काय बोलले?" एवढं सांगून त्या कामाला लागल्या. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून निवृत्तीही संध्याकाळी सहाला कामावरून उठायला लागला, आणि त्याच्या ध्यानात आलं की कार्डांतल्या चुका खरोखरच कमी झाल्यात.

मेच्या मध्यापर्यंत अठरा गावांची उत्तरं आली. एकोणिसावी खांडवाडी. नदीच्या वळणावरची, ठाकर आदिवासींची अठ्ठावीस झोपड्यांची वाडी. तिथं पाणी पोचायला मशीन दोन तास चाळीस मिनिटं सांगत होतं.

"जरा जास्तच वाटतं," वेणूताई म्हणाल्या. "जाऊन बघू या."

"ताई, पंधरा दिवस राहिलेत."

"म्हणूनच आत्ता जाऊ या."

कामशेतपासून जीपनं, पुढं दीड तास पायी. वाडीत नवसू नावाचा माणूस भेटला, पन्नाशीचा. धरणाच्या लोकांनी नदीकाठी पाण्याची उंची मोजायची एक पट्टी रोवली होती, तिच्याकडे लक्ष ठेवायचं काम त्याच्याकडे होतं. त्यानं त्यांना झोपडीच्या सावलीत बसवलं. त्याची बायको बाया हिनं काळा चहा दिला. वेणूताईंनी त्याला आकडा सांगितला.

नवसूनं मान हलवली. "न्हाई ताई. नदी फुडनं यायला तेवढा येळ लागंल, व्हय. पन पानी आमच्याकडं फुडनं येतच न्हाई पयलं. मागनं येतंय."

"मागनं म्हणजे?"

त्यानं उठून दाखवलं. झोपड्यांच्या पाठीमागून एक ओढा खाली जाऊन वळणाच्या वरच्या अंगाला नदीला मिळत होता. मेच्या उन्हात तो कोरडा होता, नुसते गोटे.

"नदी फुगली का ह्या वढ्याचं त्वांड बंद व्हतं. मंग नदी ह्याच्यातच उलटी शिरती. समदी मान्सं तकडं नदीकडं बगत बसत्यात, आन पानी हितं पाठीला येतंय. दोन वर्सामागं माजी म्हस आशीच गेली."

"नकाशात हा ओढा नाही," निवृत्ती म्हणाला.

"नकाशा करनारा उन्हाळ्यात आलता," नवसू म्हणाला. त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती.

वेणूताई दोन तास त्या ओढ्यात फिरल्या. पदर कमरेला खोचून त्यांनी निवृत्तीच्या हातात टेपचं टोक दिलं आणि रुंदी, उतार, गवताच्या खुणा सगळं मोजून घेतलं. परतीच्या वाटेवर निवृत्ती मनात दिवस मोजत होता. उलट्या पाण्याचं गणित प्रोग्रॅममध्ये नव्हतंच. ते घालायचं तर निदान चार गुरुवार. एक जून गेलाच.

"ताई, एक बोलू? एकोणिसांतली ही एकच ओळ आहे. आत्ता आहे तो आकडा छापू. पुढच्या वर्षी दुरुस्त करू."

त्या थांबल्या. रागावल्या नाहीत. "बायाला तू हे सांगशील? की तुझी ओळ पुढच्या वर्षी?"

निवृत्ती त्यांच्यामागून चालू लागला.

नकाशात नसलेले असे ओढे आणखी कुठं असतील, म्हणून आलेली अठरा उत्तरंही आता पुन्हा तपासायला हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एकोणीस गावांची यादी समोर घेतली आणि तिचे दोन भाग केले. नऊ गावं नदीच्या पातळीला, तिथं पाणी घरात शिरू शकतं. दहा गावं उंच काठावर, तिथं फक्त शेतं भिजतात. नऊ गावं आधी, खांडवाडीसकट, पंधरा जूनपर्यंत. दहा गावं ऑगस्टमध्ये चालतील. आलेख, सूची, रंगीत मुखपृष्ठ सगळ्यांत शेवटी. मग त्या ढोरेसाहेबांच्या खोलीत गेल्या आणि निवृत्तीलाही बरोबर नेलं.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा आवाज चढला. "मांडव सांगितलाय! पाहुण्यांना पत्र गेलंय! त्यांना आता काय, वाडीमागं ओढा सापडला म्हणून सांगू?"

"तेच सांगा," वेणूताई म्हणाल्या. "एक जूनला हवंच असेल तर आहे ते मी देते. पण पहिल्या पानावर 'अपूर्ण' असं लिहीन."

"तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा." साहेब निवृत्तीकडे वळले. "वाघोले, तुम्ही सांगा. एक तारखेला पुस्तक होईल का नाही?"

पाच महिने निवृत्ती या प्रश्नाची वाटच बघत होता. होईल म्हटलं असतं तर काम त्याच्या हातात आलं असतं, पुस्तकावर नाव आलं असतं. त्यानं वेणूताईंकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मदत करायचा त्यांचा काही इरादा दिसत नव्हता.

"छापून होईल साहेब," तो म्हणाला. "पण खांडवाडीचा आकडा खोटा असेल. आणि तो खोटा आहे हे आता आपल्याला माहीत आहे."

ढोरेसाहेब म्हणजे तसा माणूस वाईट नव्हता. नुसता शब्द दिल्यामुळे अडकला होता. शेवटी त्यांनी पाहुण्यांना पत्र लिहायला घेतलं. तीन वेळा फाडलं. क्षमा मागून, कारणं देऊन, चौथं पाठवलं. सहाव्या दिवशी पाहुण्यांच्या सेक्रेटरीचं उत्तर आलं, एका ओळीचं. पाहुण्यांना जूनमध्ये तसंही जमणार नव्हतं, दिवाळीनंतर कळवावे.

ढोरेसाहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं, मग निवृत्तीला वाचायला दिलं. "आणि इकडे मला आठ दिवस अन्न गोड लागत नव्हतं," ते म्हणाले.

आता सगळं सोपं झालं असं निवृत्तीला वाटलं. वेणूताईंना तसं वाटत नव्हतं. एक जूनबद्दल इतक्या शांत असलेली ही बाई पंधरा जूनच्या बाबतीत वेगळीच निघाली. कोण कुठलं कार्ड कधी पाडणार, याचा कागद रोज सकाळी टेबलावर असे. मेअखेरपर्यंत आठ गावं पक्की झाली. खांडवाडीची नवी कार्डं तीन जूनच्या गुरुवारी एकदा चालली. थोडं चुकत होतं. दहा जूनला ते नक्की सुटलं असतं.

दहा जूनला पुण्यात पोचले, तर मशीनच्या खोलीला कुलूप. थंड हवेचं यंत्र बिघडलं होतं, त्याशिवाय कॉम्प्युटर चालवता येत नव्हता. दुरुस्ती सोमवारी. आपली पाळी पुढच्या गुरुवारी, म्हणजे सतरा तारखेला.

एसटी स्टँडवर निवृत्ती म्हणाला, "दोन दिवसांनी काय बिघडतंय ताई? दरवाजे तर जुलैत उघडणार. एक जून सोडलाच ना आपण."

"एक जून सोडला, कारण तो सोडून कुणाचं काही गेलं नाही. खांडवाडीला मी पंधराला येते म्हणून सांगितलंय. सोळाला वाडीतली निम्मी माणसं लावणीच्या मजुरीला पवनेकडे निघतात, नवसूभाऊंनी सांगितलं होतं तुझ्यासमोर. ती एकदा गेली की थेट पुराच्या वेळी परत येणार. मग कुणाला समजावणार?"

निवृत्तीनं ते ऐकलं होतं, पण ध्यानात ठेवलं नव्हतं.

"मग आता?"

"मशीन यायच्या आधी गणितं होत नव्हती का?"

पुढचे चार दिवस निवृत्ती आयुष्यभर विसरला नाही. एका वाडीचं, एका ओढ्याचं गणित, पण ते उलटसुलट सव्वादोनशे वेळा करायचं. वेणूताई, निवृत्ती आणि स्वतः ढोरेसाहेब. साहेबांनी बाह्या सरसावून कॉलेजातला जुना स्लाइड रूल, गुणाकार-भागाकाराची ती सरकती पट्टी, कपाटातून काढला. वेणूताईंनी कामाचे तीन भाग केले. प्रत्येक आकडा दोघांनी वेगवेगळा काढायचा, जुळला तरच पुढं. सकाळी सहाला बसायचं आणि संध्याकाळी सहाला उठायचं. या चार दिवसांतही त्यांनी नियम मोडला नाही. रविवारी संध्याकाळी ढोरेसाहेब म्हणाले, "अजून दोन तास बसू या की." वेणूताईंनी त्यांच्यापुढची वही मिटली. "साहेब, मघापासून तुम्ही सात आणि एकमध्ये गल्लत करताय." साहेब हसले आणि उठले.

सोमवारी दुपारी तीनला शेवटचा आकडा जुळला. पन्नास मिनिटं. मशीन दोन तास चाळीस मिनिटं सांगत होतं, आणि पाणी वाडीच्या पाठीला पन्नास मिनिटांत येणार होतं.

मंगळवारी, पंधरा जूनला, ते तिघंही खांडवाडीला गेले. हातानं लिहिलेला एकच कागद, पण वाडीत तो वाचणारं कुणी नव्हतं. वेणूताईंना ते माहीत होतं. त्यांनी बरोबर चुन्याचा डबा नेला होता. ओढ्याकाठच्या खडकावर त्यांनी पांढरा पट्टा ओढला आणि सगळ्यांना जमवून सांगितलं, "धरणाचा भोंगा वाजला की पन्नास मिनिटांत पाणी इथं येईल. नदीकडं बघू नका. इथं बघा."

"पन्नास मिंटं म्हंजी किती?" बायानं विचारलं.

ढोरेसाहेब मनगटावरचं घड्याळ दाखवायला लागले. बायानं मान हलवली. "त्ये न्हाई. माजी सासू हाय, डोळ्यानं दिसत न्हाई तिला. सा शेरडं हायेत. तेवढ्या येळात टेकाडावर जाऊ का आमी?"

"चला, बघू या," वेणूताई म्हणाल्या.

आणि सगळी वाडी निघाली. बायानं सासूचा हात धरला, पोरांनी शेळ्या हाकल्या, कुणी कोंबड्या डालल्या. निवृत्ती घड्याळ धरून मागं चालत होता. वाटेत म्हातारी दोनदा बसली. टेकाडाच्या माथ्यावर सगळे पोचले तेव्हा अडतीस मिनिटं झाली होती.

"मंग झ्याक हाय," बाया म्हणाली. "भाकरीचं टोपलं बी घिऊन व्हईल."

चोवीस जुलैला शनिवारी सकाळी धरणाचे दरवाजे पहिल्यांदा उघडले. निवृत्ती आदल्या दिवसापासून खांडवाडीत मुक्कामाला होता, त्यानंच तसा हट्ट धरला होता. भोंगा सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी वाजला. नवसूनं ढोल बडवला. कुणी धावलं नाही, कुणी ओरडलं नाही. मजुरीहून परतलेली माणसं, म्हातारी, शेळ्या, सगळी टेकाडावर चढली. निवृत्ती आणि नवसू ओढ्याच्या वरच्या अंगाला, वाट मोकळी ठेवून उभे राहिले. आधी खालून पालापाचोळा उलटा वर येताना दिसला. मग तांबडं पाणी, आवाज न करता, चढणीला लागलेल्या गुरासारखं हळूहळू वर सरकत आलं. खडकावरच्या चुन्याच्या पट्ट्याला ते लागलं तेव्हा दहाला दोन मिनिटं कमी होती. अठ्ठेचाळीस.

तीन झोपड्यांत पाणी शिरलं, एक कुडाची भिंत पडली. माणूस, जनावर काही गेलं नाही. टेकाडावर बायानं निवृत्तीच्या हातात भाकरी दिली आणि म्हणाली, "ताईंना सांगा, म्हातारी ह्या बारीला येकदाच बसली."

सोमवारी तो कचेरीत आला. ढोरेसाहेबांनी त्याचा हात हातात घेऊन हलवला आणि किती तरी वेळ सोडला नाही. वेणूताईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. पडलेली भिंत कुणाची, म्हातारी कशी आहे, हे विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते ते त्यांनी लपवलं नाही. मग त्यांनी विचारलं, "अठ्ठेचाळीस?"

"हो. दोनच मिनिटांचा फरक, ताई."

"फरक चुकीच्या बाजूला आहे पण. पाणी आपण सांगितल्याच्या आधी आलं. पुढच्या वर्षी दरवाजे याहून जास्त उघडले तर?" त्यांनी कोरी वही ओढली. "ओढ्याच्या तोंडाशी उतार आपण जरा जास्त धरला असावा. ते घालून गुरुवारी चालवू."

"आणि ती दहा गावं?"

"ती ऑगस्टमध्ये. ती थांबतील."

निवृत्तीनं खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसला. सहा महिन्यांपूर्वी त्याला ही बाई मंद वाटली होती, ते आठवून त्याला आता स्वतःची लाज वाटली. ते त्यांना सांगून टाकावं असंही वाटलं. पण वेणूताईंनी वहीत पहिली ओळ लिहायला घेतली होती आणि त्या विचारत होत्या, "ओढ्याच्या तोंडाशी रुंदी किती मोजली होती रे आपण?"

"एकवीस फूट," तो म्हणाला. त्या वेळी टेपचं टोक त्याच्याच हातात होतं.